सांगलीतला लघुग्रह शोधायचा क्लास: आठ महिन्यांनी लिहिलेला रिव्ह्यू

हे मी मे महिन्यातच लिहिणार होते. क्लास संपला त्या आठवड्यात मोबाईलवर अर्धं टाईपसुद्धा करून ठेवलं होतं, पण सर म्हणाले ताई, आत्ता लिहिलंत तर फक्त हॉल कसा होता आणि शिकवलं कसं एवढंच लिहाल, दुर्बिणीचे खरे फोटो दिवाळीनंतर येणार आहेत, मुलांनी त्यावर काम केलं की मग काय लिहायचं ते लिहा. म्हणून थांबले. आता सगळं झालंय, रिझल्टपण आलाय, तर सविस्तर लिहिते, कारण सांगली-मिरजेत मुलांना अशा ठिकाणी घालावं की नाही हे विचारणारे पालक मला रोज भेटतात, आणि दर वेळी तोंडी सांगताना अर्धं राहून जातं.

आधी थोडं मागचं सांगते, त्याशिवाय मला हा क्लास एवढा का पटला ते कळणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एका ऑनलाईन क्लासला साडेतीन हजार भरले होते. नाव घेत नाही. जाहिरात अशी होती की तुमचं मूल लघुग्रह शोधेल आणि त्याला स्वतःचं नाव देईल. चार मीटिंगा झाल्या, त्यातल्या दोनमध्ये आवाजच नीट येत नव्हता, आणि शेवटी एक रंगीत सर्टिफिकेट आलं, त्यावर माझ्या मुलीचं, सईचं नाव आणि खाली 'लघुग्रह शोधक'. पोरीने ते लॅमिनेट करून शाळेत नेलं. बाईंनी सहज विचारलं, अगं वा, कुठला शोधलास, कुठे आहे तो? तर तिला एक शब्द सांगता येईना. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. सातवीतली पोरगी, आपण खोटं मिरवलं असं तिला वाटलं, आणि चूक तिची काहीच नव्हती. साडेतीन हजारांचं मला तेवढं वाईट वाटलं नाही, त्याचं वाटलं.

तर एप्रिलमध्ये मार्केट यार्डात आमच्या अडत दुकानात, जिथे मी हिशेब बघते, एका गिऱ्हाईकाने सांगितलं की विश्रामबागेत एक रिटायर्ड फिजिक्सचे सर असा क्लास घेतात. मी आधी नकोच म्हणाले. मग पालकांची मीटिंग फुकट आहे कळलं म्हणून २६ एप्रिलच्या शनिवारी गेलो, मी, सई आणि आमचे मामंजी. मामंजी रेल्वेत गार्ड होते, मिरज जंक्शनवरून रिटायर झाले, गाण्याचं प्रचंड वेड, दर्ग्याच्या उरसातल्या मैफली एक चुकवत नाहीत, घरात मिरजेतच बनवून घेतलेला तंबोरा आहे. ते आले ते केवळ नातीला सोबत म्हणून.

झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक हॉल, बारा खुर्च्या, पाच लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. सर आणि त्यांच्याबरोबर इंजिनिअरिंग झालेली एक ताई. सरांनी सुरुवातीलाच विचारलं की लघुग्रहाला स्वतःचं नाव द्यायला कोण कोण आलंय? सगळ्या मुलांचे हात वर. आमच्या सईचा नाही. सर कुणाला हसले नाहीत की रागावले नाहीत, त्यांनी फळ्यावर एक नंबर लिहिला, ३००१२८, आणि म्हणाले ह्याची गोष्ट ऐका आणि मग ठरवा यायचं का.

तो नंबर पंडित जसराजांच्या लघुग्रहाचा आहे. मामंजी खुर्चीत सरळ बसले.

गोष्ट अशी. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह, म्हणजे छोटे-मोठे दगड, सूर्याभोवती फिरतायत, त्यातला हा एक छोटा. ११ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत ॲरिझोनामधल्या माउंट लेमन सर्व्हेच्या दुर्बिणीतून तो सापडला. दुर्बीण दीड मीटर आरशाची, रात्रभर आकाशाचे फोटो काढत राहते. त्या दिवशी त्याला काही नाव नव्हतं, फक्त एक तात्पुरता नंबर मिळाला, २००६ व्हीपी३२. नाव मिळालं सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे मधे जवळजवळ तेरा वर्षं. आणि ३००१२८ हा पक्का नंबर दोन-दोन आकडे धरून उलटीकडून वाचा, २८-०१-३०, ही पंडितजींची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०. मामंजींनी खिशातल्या पेनाने तळहातावर लिहून बघितलं आणि मला दाखवलं. पंडितजी ऑगस्ट २०२० मध्ये गेले, म्हणजे त्यांना हे हयातीत कळलं, ह्याचा मामंजींना फार आनंद झाला. कोल्हापूरच्या शांतारामबापूंचे जावई, म्हणजे आमच्या भागातले लोक त्यांना आपलेच मानतात.

मग सरांनी तो तात्पुरता नंबर फोडून दाखवला, आणि मला वाटतं क्लासला पैसे भरायचे हे मी तिथेच ठरवलं. २००६ म्हणजे साल. व्ही म्हणजे पंधरवडा. जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असं करत जायचं, आय अक्षर सोडून द्यायचं कारण ते १ ह्या आकड्यासारखं दिसतं, मग व्ही येतो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. पुढचं अक्षर म्हणजे त्या पंधरवड्यात सापडलेला कितवा. तिथे पण आय सोडून पंचवीस अक्षरं, पी पंधरावा. पंचवीस संपले की परत ए पासून, आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा पुढे लिहायचा. बत्तीस फेऱ्या म्हणजे बत्तीस गुणिले पंचवीस आठशे, अधिक पंधरा. सईने सरांच्या आधी उत्तर दिलं, आठशे पंधरावा! एका पंधरवड्यात आठशे पंधरावा. आणि पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ ला इटलीत पियाझींनी शोधला, सेरेस, त्यानंतर १८०७ पर्यंत फक्त चार झाले आणि पाचवा मिळायला १८४५ उजाडलं, तेव्हा माणूस रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून नकाशाशी ताडून बघायचा. १८९१ मध्ये मॅक्स वुल्फने फोटोवरून पहिला शोधला तेव्हापासून वेग आला. आता ओळख पटलेले दहा लाखांच्या वर आहेत.

मी रोज खतावणीत हेच बघते, नंबरावरून पार्टी, तारीख, लॉट सगळं कळलं पाहिजे. आकाशातल्या दगडाला पण कुणीतरी इतक्या नीट पद्धतीने नंबर घालतंय हे मला खूप आवडलं.

नावाबद्दल सरांनी जे सांगितलं ते प्रत्येक पालकाने ऐकायला पाहिजे, म्हणून इथे नीट लिहिते. एका रात्रीचे चार फोटो बघून कुणी लघुग्रह शोधला असं होत नाही. ती फक्त प्राथमिक नोंद. मग तोच दगड परत परत वेगवेगळ्या वर्षी दिसावा लागतो, साधारण चार वेळा तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येऊन सापडला की त्याची कक्षा पक्की होते आणि अमेरिकेतलं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला कायमचा नंबर देतं. नंबर मिळाल्यावरच नाव. शोधणाऱ्याला दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क असतो, नाव सोळा अक्षरांच्या आत पाहिजे, धंद्याची नावं चालत नाहीत, राजकारणातल्या किंवा लढाईतल्या माणसाचं द्यायचं तर तो जाऊन शंभर वर्षं झालेली पाहिजेत, आणि शेवटी खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती ठरवते. पैसे देऊन नाव मिळत नाही. कुणी तसं विकत असेल तर तो कागद विकतोय. हे ऐकताना सई माझ्याकडे बघत होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या मोहिमेत मुलं भाग घेतात ती मुळात फुकट आहे. टेक्सासच्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून प्राध्यापक पॅट्रिक मिलर यांनी २००६ मध्ये सुरू केलेली, आयएएससी म्हणतात तिला, जगभरातल्या शाळांच्या टीमना ते दुर्बिणीचे ताजे फोटो पाठवतात. सरांनी स्वतः सांगितलं की मोहिमेला एक रुपया लागत नाही, मी जे बाराशे घेतो ते हॉलचं भाडं, लाईट, लॅपटॉप आणि माझा आणि ह्या ताईचा वेळ ह्याचे, ज्याला घरी जमतं त्याने घरी करावं, मी रजिस्ट्रेशन कसं करायचं ते फुकट सांगतो. मीटिंगमधल्या दोन पालकांनी खरंच तसं केलं आणि सरांनी त्यांना फोनवर मदतपण केली. मी बाराशे भरले.

आता दंडोबाच्या डोंगरावरची आकाश बघायची रात्र. त्याचे बसचे वेगळे अडीचशे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. दुपारी आमरस-पुरणपोळी होऊन सगळी मुलं पेंगत होती आणि बस साडेसहाची सांगितलेली ती साडेसातला आली, ह्याचे मार्क मी कापणार. वर डोंगरावर पोचेपर्यंत अंधार. पश्चिमेला सांगली-मिरजेचा उजेड आभाळावर चढलेला दिसतो, पण पूर्वेकडे कवठेमहांकाळच्या बाजूला बरंच काळं. चंद्राची बारीक कोर दहाच्या सुमाराला बुडाली, मग सरांनी तूळ राशीकडे बायनॅक्युलर लावला. स्टँडवरचा साधा दहा बाय पन्नासचा. वेस्टा बघायचा होता, पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी, सव्वापाचशे किलोमीटरचा, आणि दोन दिवसांनी २ मे ला तो सूर्याच्या बरोबर समोर येणार होता म्हणजे पृथ्वीच्या जवळ, जवळ म्हणजे तरी साधारण सतरा कोटी किलोमीटर.

खरं सांगते, दिसायला काहीच नाही. एक ठिपका. शेजारच्या ठिपक्यासारखाच. सरांनी आधीच सांगितलं होतं की आज तुम्हाला तो ओळखू येणार नाही, आज फक्त चित्र काढा. प्रत्येक मुलाला एक कागद, त्यावर गोल छापलेला, लाल कागद लावलेली टॉर्च, आणि गोलात जे ठिपके दिसतात ते जसेच्या तसे काढायचे. सईने अकरा ठिपके काढले. मांडी घालून, जीभ बाहेर काढून, एकेक ठिपक्याला तीनदा डोळा लावून. मी पण काढले, माझे नऊच आले.

मग ३ मे ला रात्री घरच्या गच्चीवरून शेजाऱ्यांचा बायनॅक्युलर आणून परत तेच. मिरजेच्या लाईटमुळे अकरातले सातच दिसले. पण त्या सातातला एक जागेवर नव्हता. जुना कागद आणि नवा कागद एकावर एक ठेवून मोबाईलच्या टॉर्चवर धरला तर सहा ठिपके बरोबर एकावर एक आणि एक पश्चिमेकडे सरकलेला, मधे पौर्णिमेचे साधारण दीड चंद्र मावतील एवढा. तोच वेस्टा. सई काही बोलली नाही, कागद तसाच धरून उभी राहिली किती वेळ. मग म्हणाली, आई, मला कुणी सांगितलं नाही हं, मला दिसला.

साडेतीन हजारांच्या क्लासमध्ये जे मिळालं नाही ते हे.

तिने आजोबांना विचारलं की सगळे ग्रह पूर्वेकडे सरकतात असं सर म्हणाले मग हा उलटा का गेला? मामंजी म्हणाले, अगं मालगाडीला एक्स्प्रेस ओलांडते तेव्हा एक्स्प्रेसच्या खिडकीतून बघ, मालगाडी मागं जातीय असं वाटतं, खरी ती पुढंच चाललेली असते. आपली पृथ्वी आतल्या लाईनीवर, जोरात चाललीय, तो बाहेरच्या लाईनीवर हळू. दुसऱ्या शनिवारी सईने हेच क्लासमध्ये सांगितलं आणि सरांनी फळ्यावर दोन रूळ काढून सगळ्यांना समजावलं. तेव्हापासून मामंजी प्रत्येक शनिवारी येऊन मागच्या खुर्चीत बसायला लागले, सरांनी त्यांची फी घेतली नाही.

मे महिन्यातले चार शनिवार कॉम्प्युटरवर. सॉफ्टवेअर ॲस्ट्रोमेट्रिका, ऑस्ट्रियाच्या हर्बर्ट राब यांनी बनवलेलं, विंडोजवर चालतं. पहिल्या दिवशी पाचातले दोन लॅपटॉप चालू होईनात, त्यामुळे बारा मुलं तीन लॅपटॉपवर, धक्काबुक्की झाली, ह्याचेपण मार्क कापणार. पुढच्या वेळेला ताईने घरून दोन आणले. काम कसं असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं दुर्बिणीला डोळा लावायचा असतो. तसं नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो असतात, थोड्या थोड्या मिनिटांनी काढलेले. पांढऱ्यावर काळे ठिपके, उलट्या रंगात. सॉफ्टवेअर आधी ताऱ्यांची यादी जुळवून घेतं आणि मग चारही फोटो एकामागोमाग लुकलुकत दाखवतं. तारे जागेवर. जो ठिपका एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने, टुकटुक करत पुढे जातो तो बघायचा. बास. एवढंच काम आणि ते भयंकर अवघड.

कारण फोटोत खोटे ठिपके भरपूर. कॅमेऱ्याचा एखादा बिंदू खराब असतो, अवकाशातून आलेला एखादा कण आदळतो, कडेला आडव्यातिडव्या रेघा असतात. सईने पहिल्या दिवशी नऊ लघुग्रह सापडल्याचं सांगितलं आणि नऊच्या नऊ खोटे निघाले. मग ताईने शिकवलं की ठिपक्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते, त्यात त्या ठिपक्याच्या उजेडाचा आलेख. खऱ्या वस्तूचा उजेड टेकडीसारखा दिसतो, मधे उंच आणि दोन्हीकडे हळूहळू उतरलेला. खोट्याचा खिळ्यासारखा, एकच उभी टोकदार रेघ. आणि चारही फोटोंत तेज साधारण सारखं पाहिजे, वेग सारखा पाहिजे. एक जरी बसलं नाही तर सोडून द्यायचं. तिसऱ्या शनिवारी मी मागे बसून बघत होते, सईच्या शेजारच्या मुलाला एक छान सरकणारा ठिपका मिळाला, तीन फोटोंत अगदी रेषेत, चौथ्यात गायब. तो म्हणाला सर तीनमध्ये आहे की, चौथ्यात लपला असेल. सर म्हणाले, आपल्याला पाहिजे म्हणून तो असत नाही बाळा. त्याने खोडला. दहा-अकरा वर्षांचं पोरगं, हातातलं सोडून देताना त्याचा चेहरा मी बघितला, आणि त्याने परत दुसरा फोटो उघडला. मला हे शिक्षण कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठं वाटतं आणि मी हे मनापासून लिहितेय.

मामंजींनी एकदा विचारलंच, पंडितजींचा दाखवा की मग. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तो आपल्या बायनॅक्युलरमधून काय, साध्या दुर्बिणीतूनपण दिसणार नाही, फार फिका आहे, पण त्याचं घर कुठे आहे ते दाखवतो. मग पडद्यावर पट्ट्याचा नकाशा. मला वाटायचं सिनेमात दाखवतात तशी दगडांची गर्दी असेल. तर तिथे दोन दगडांत सरासरी दहा लाख किलोमीटरच्या घरात अंतर, आणि सगळा पट्टा गोळा केला तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केसुद्धा वजन भरत नाही. एवढ्या मोकळ्या जागेत एक छोटा दगड पंडितजींच्या नावाने फिरतोय. मामंजी त्या रात्री तंबोरा काढून बसले होते, दोन वर्षांनी काढला असेल, तारा उतरलेल्या होत्या, त्या चढवून लावत बसले अकरापर्यंत.

आपल्या देशातल्या शोधांबद्दल सरांनी एक अख्खा तास दिला, तो मला थोडा घाईत वाटला, अजून ऐकायला आवडलं असतं. मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसन नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये एक लघुग्रह शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नावच 'एशिया' ठेवलं. त्यांचा शेवटचा १८८५ मध्ये. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं भारतातून एकही नाही. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये तमिळनाडूच्या कावलूर वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी एक शोधला, तो आता ४१३० रामानुजन. त्याचा तात्पुरता नंबर १९८८ डीक्यू१, मुलांनी लगेच फोडला, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, पंचवीस अधिक सोळा, एक्केचाळिसावा. विश्वनाथन आनंदच्या नावाचा पण आहे, ४५३८, तो जपानमधून सापडलेला.

शेवटचा शनिवार २४ मे. त्या दिवसांत पाऊस आधीच सुरू झालेला आठवत असेल सगळ्यांना. चार वाजता लाईट गेली, इन्व्हर्टर वीस मिनिटांत बसला. सरांनी मुलांना सोडलं नाही, कागदावर चार फोटो छापून आणले होते ते वाटले आणि पट्टीने अंतर मोजायला लावलं. तयारीने आलेला माणूस. पण ज्या मुलांचं लॅपटॉपवरचं काम अर्धं राहिलं ते राहिलंच, एक जादा तास घ्यायला पाहिजे होता, तो ठरला आणि मेसेज इतक्या उशिरा आला की आम्ही गावाला निघालो होतो. ग्रुपवरचे मेसेज वेळेवर टाकणं ही ह्या क्लासची सगळ्यात कच्ची बाजू आहे, दोनदा असं झालं. आणि दंडोबावर मुलींसाठी टॉयलेटची सोय नीट नव्हती, हे मी सरांना तोंडावर सांगितलंय, पुढच्या वेळी बघतो म्हणालेत.

दिवाळीनंतर खरी मोहीम. आता फोटो सरावाचे नाहीत, हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे, एक पॉइंट आठ मीटरचा आरसा आणि एकशे चाळीस कोटी पिक्सेलचा कॅमेरा. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे रात्र. सईच्या टीममध्ये तीन मुलं, शाळा सुटल्यावर आमच्या घरी जमायची, मी कामावरून आले की दडपे पोहे नाहीतर भडंग. यार्डात त्या वेळी गडबड असल्यामुळे मला रोज बसता आलं नाही, मामंजी बसायचे. पहिल्या संचात त्यांना चार सरकणारे ठिपके मिळाले, सगळ्यांवर सॉफ्टवेअरने आधीच नावाची चिठ्ठी लावलेली, म्हणजे माहीत असलेले. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात काहीच नाही, रात्री साडेनऊपर्यंत बसून काहीच नाही, एक मुलगा रडकुंडीला आला. चौथ्या संचात डाव्या कोपऱ्यात एक फिका ठिपका, चिठ्ठी नाही. चारही फोटोंत. टेकडी, खिळा नाही. वेग सारखा. सईने तीनदा तपासला, मग टीमचा कोड आणि नंबर घालून रिपोर्ट तयार केला आणि पाठवायच्या आधी सरांना फोन. सर म्हणाले मी बघणार नाही, तुम्हाला खात्री आहे का? तिने थोडं थांबून सांगितलं, आहे. पाठवला.

काही आठवड्यांनी यादी आली, त्यात तो आहे. प्राथमिक नोंद. त्यापलीकडे काही नाही, आणि कदाचित तो पुढे कुणाच्या तरी आधीच्या नोंदीशी जुळेल आणि दुसऱ्याचा ठरेल, हे सईला माहीत आहे. पक्का नंबर मिळायला सहा ते दहा वर्षंही लागू शकतात. तिने हिशेब केला, तेव्हा ती कॉलेज संपवत असेल. शाळेतल्या बाईंना ती परवा स्वतःहून जाऊन सांगून आली. ह्या वेळी कागद नेला नाही. बाई म्हणाल्या कुठे आहे तो, तर हिने फळ्यावर चार फोटो काढून तो कसा सरकला ते दाखवलं आणि शेवटी सांगितलं की हा अजून शोध नाही, नोंद आहे. बाईंनी मला फोन करून सांगितलं हे.

तर माझं रेटिंग पाचपैकी चार. एक मार्क बस, लॅपटॉप आणि मेसेजचा मिळून. बाराशे रुपये पूर्ण वसूल. सहावीच्या खालच्या मुलांना नेऊ नका, तासभर एकाच जागी ठिपके बघणं त्यांना होत नाही, आमच्या बॅचमधली दोन लहान मुलं दुसऱ्या शनिवारनंतर आली नाहीत आणि त्यात मुलांची चूक नाही. सर्टिफिकेट पाहिजे म्हणून येणार असाल तर मोहिमेचं मिळतं, साधं आहे, त्यावर फक्त भाग घेतला एवढंच लिहिलेलं असतं. स्वतःचा लॅपटॉप असेल तर न्या, आणि माउस नक्की न्या, टचपॅडवर ठिपक्याच्या बरोबर मधोमध क्लिक होत नाही. दंडोबाला जाताना एप्रिलमध्येसुद्धा स्वेटर लागतो रात्री बारानंतर. सरांचा नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलं नाहीये, पण विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात विचारलंत तर वरचा जिना दाखवतात. पुढची बॅच एप्रिलच्या शेवटी आहे, खुर्च्या बाराच, आणि मागची एक मामंजींनी आत्ताच सांगून ठेवलीय.